स्टेशनाजवळचें घर

आमची आई म्हणत असे कीं, आमचा पाळणा आगगाडीनें हलविला. यांत अतिशयोक्ति फारशी नव्हती. दादर स्टेशन आमच्या चाळीपासून इतकें जवळ होतें कीं, गाडी फलाटाला लागल्याचा आवाज ऐकून मग चहाचा शेवटचा घोंट घेणारा, आणि तरीहि तीच गाडी धरणारा, एक गृहस्थ आमच्या मजल्यावर होता. त्याच्या ह्या कसबाचा आम्हां मुलांना मोठा अभिमान वाटे. चाळीची जागा जेमतेम दहा गुंठे आणि तींत बिऱ्हाडें बासष्ट. नळावरचीं भांडणें, गॅलरींतील वाळवणें आणि सत्यनारायणाच्या पंक्ति यांवर मराठींत पुष्कळ लिहून झालें आहे. त्यांत भर घालण्याची आमची इच्छा नाहीं. एवढेंच सांगतों कीं, बेताच्या पगारांत आमच्या वडिलांनीं पांच मुलांना शिकविलें, त्याचें श्रेय जितकें त्यांच्या काटकसरीला, तितकेंच स्टेशनाजवळच्या त्या एका खोलीला आहे. पुढें आम्ही पुण्यास आलों, पांच गुंठ्यांचा एक तुकडा घेऊन त्यावर बंगला बांधला, दारांत चाफा लावला, आणि चाळ विसरून गेलों.

तिची आठवण पुन्हां झाली ती अगदीं अनपेक्षित ठिकाणीं. सन २०२४ च्या शरदृतूंत आम्ही उभयतां मुलीकडे अमेरिकेस गेलों होतों. मुलगी आणि जांवई मॅसॅच्युसेट्स राज्यांत, बोस्टनच्या बाहेर एका टुमदार गांवीं राहतात. गांवाचें नांव येथें देत नाहीं. आमच्या लेखामुळें त्यांच्या शेजाऱ्यांशीं त्यांचें बिनसावें असें आम्हांला वाटत नाहीं. गांवांत मेपलचीं झाडें, पांढऱ्या कळसाचें चर्च, प्रत्येक घराभोंवती हिरवळ, आणि दोन घरांमध्यें इतकें अंतर कीं विरजण मागावयास जावयाचें तर चप्पल घालूनच निघावें. या गांवाला आगगाडीचें स्टेशन आहे. सकाळीं फिरावयास जाण्याची आमची जुनी संवय. पाय आपोआप तिकडे वळले.

पहिले दोन दिवस आम्हांला वाटलें कीं स्टेशन बंद पडलेलें असावें. एक लांब फलाट, वर एक छप्पर, पलीकडे दाट झाडी, आणि अलीकडे डांबर घातलेलें एक अफाट मैदान. दुकान नाहीं, चहाची टपरी नाहीं, फुलवाली नाहीं, आणि मुख्य म्हणजे घर नाहीं. तिसऱ्या दिवशीं थोडे उशिरा गेलों तेव्हां उलगडा झाला. मोटारी एकामागून एक आल्या, मैदानांत ओळीनें उभ्या राहिल्या, त्यांतून एकेक मनुष्य उतरला, गाडी आली, माणसें गेलीं, आणि मोटारी संध्याकाळपर्यंत तेथेंच वाट पाहत बसल्या. ज्या जागेवर आमच्या चाळीसारख्या कित्येक चाळी मावल्या असत्या तेथें दिवसभर रिकाम्या मोटारींची वस्ती होती.

उलट दिशेनें, म्हणजे बोस्टनहून येणाऱ्या गाडींतून, मात्र एकच बाई उतरली. पुढें रोजच्या भेटीनें ओळख झाली. ती मूळची हैती बेटांतील. मुलीच्या शेजारच्या घरांत एक वृद्ध गृहस्थ अंथरुणाला खिळलेले होते, त्यांची शुश्रूषा ती करी. ती बोस्टनच्या दक्षिण टोंकास मॅटापान भागांत राहत असे. तेथून आधीं ट्राम, मग भुयारी गाडी, मग ही आगगाडी, आणि शेवटीं पंचवीस मिनिटें चाल. कारण स्टेशन गांवाच्या एका कडेला आणि फुटपाथ अर्ध्या वाटेवर संपलेला. पावणेपांचला ती घर सोडी. आम्हीं भाबडेपणानें विचारलें, "या गांवांतच एखादी खोली कां घेत नाहींस?" ती थांबली, हंसली, आणि म्हणाली, "खोली? येथें खोल्या कोठें आहेत?"

तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. गांवाच्या बहुतेक जमिनीवर एका प्लॉटवर एका कुटुंबाचें एकच घर बांधावें, दुसरें कांहीं बांधूं नये, असा नियम होता. याला तिकडे झोनिंग म्हणतात. त्या भागांतील कित्येक गांवांत अशा एका घराला निदान एक एकर जमीन पाहिजे असाहि निर्बंध आहे. स्टेशन सर्वांच्या पैशांतून बांधलेलें, गाडी सर्वांच्या करांतून चालणारी. पण तिच्याजवळ कोणीं राहावें हें मात्र गांवानें ठरवावयाचें.

नेमक्या याच गोष्टीवरून गांवांत रणें माजलीं होतीं. हिरवळीवर पाट्या लागल्या होत्या, कांहीं होकाराच्या, कांहीं नकाराच्या. कारण असें कीं, सन २०२१ च्या जानेवारींत त्या राज्यानें एक कायदा केला. बोस्टन शहर सोडून, ज्या ज्या गांवांना तेथील सार्वजनिक वाहतुकीचा लाभ आहे अशा १७७ गांवांनीं व शहरांनीं आपल्या हद्दींत निदान एक असा विभाग आंखून द्यावा कीं, जेथें अनेक कुटुंबांचीं घरें मालकाला हक्कानें बांधतां येतील. 'हक्कानें' या शब्दांत सगळें आलें. शेजाऱ्यांची मनधरणी नको, समितीची विशेष मर्जी नको. नियमांत बसलें कीं परवानगी. स्टेशन असेल तर हा विभाग सामान्यतः त्यापासून अर्ध्या मैलाच्या आंत, म्हणजे दहा मिनिटांच्या चालीवर, असावा. एकरी निदान पंधरा घरांना मुभा असावी. शिवाय फक्त वृद्धांसाठीं अशी अट त्यांना घालूं नये. मुलाबाळांच्या कुटुंबांना राहतां यावें. ही शेवटची अट ज्यानें घातली त्याला गांवकीचा चांगला अनुभव असला पाहिजे.

एकरी पंधरा घरें हा आंकडा तेथें भीतीचा विषय झाला होता. जांवईबापूंनीं तो आम्हांला अशा स्वरांत सांगितला कीं, आम्हीं क्षणभर टोळधाडच डोळ्यांपुढें आणली. मग बोटांवर हिशेब केला. एकर म्हणजे चाळीस गुंठे. पंधरांनीं भागिलें तर घरटी अडीच गुंठ्यांहून अधिक जमीन! आमच्या चाळींत हेंच प्रमाण एकरी अडीचशें बिऱ्हाडांच्या घरांत गेलें असतें. पुण्याच्या आमच्या वसाहतींतहि त्याच्या दुप्पटच जमीन घरटी पडते, आणि आम्ही स्वतःला ऐसपैस समजतों.

आणखी एक गोष्ट तेथील भल्याभल्यांनाहि पटवून देणें कठीण जात होतें. ह्या कायद्यानें एक वीटहि रचली जात नाहीं. तो कोणाला बांधावयास लावीत नाहीं. बांधणाऱ्याला अडवूं नका, एवढेंच म्हणतो. न ऐकलें तर राज्याच्या कांहीं अनुदानांना गांव मुकतें. पळवाटाहि निघाल्या. कांहीं गांवांनीं, जेथें आधींच बहुकुटुंबी इमारती उभ्या आहेत त्याच भागावर नवी रेघ आंखून, कायद्याचें पालन केल्याचें समाधान मिळविलें.

आमचा स्वभाव असा कीं, भांडण दिसलें कीं त्याचें मूळ शोधीत बसावें. गांवच्या ग्रंथालयांत आम्ही आठवडाभर बसलों. बोस्टनमध्यें १८८९ सालीं विजेच्या ट्रामा धांवूं लागल्या, आणि त्यांच्या मार्गाच्या आसपास एक विशिष्ट प्रकारचें लांकडी घर पसरत गेलें. तीन मजले, मजल्यावर एक कुटुंब, आणि प्रत्येक मजल्याला उघडा सज्जा. पुष्कळ ठिकाणीं मालक एका मजल्यावर राही आणि इतर मजल्यांच्या भाड्यांतून कर्ज फेडी. आयर्लंडहून, इटलीहून, पूर्व युरोपांतून आलेल्या कष्टकऱ्यांच्या कित्येक पिढ्या ह्या घरांत सावरल्या. त्यांचीं छायाचित्रें पाहतांना, एकावर एक तीन सज्जे आणि त्यांवर वाळत घातलेले कपडे पाहून, आम्हांला भलत्याच ठिकाणीं भलताच ओळखीचा मनुष्य भेटल्यासारखें झालें. परंतु १९१२ सालीं राज्यानें असा एक कायदा केला कीं, त्याचा आधार घेऊन बाहेरच्या गांवांना अशीं लांकडी तिमजली घरें बंद करतां यावींत. कारण आगीचें सांगितलें जाई, आणि आगीची भीति खोटी नव्हती. पण कोणत्या लोकांनीं गांवांत येऊं नये हेंहि त्याबरोबर परस्पर ठरत होतें.

मग १९२६ सालीं ओहायो राज्यांतील यूक्लिड नांवाच्या गांवाचा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला, आणि जमिनीचे असे विभाग पाडण्याचा गांवांचा अधिकार कायम झाला. त्या निकालपत्रांत न्यायमूर्ति सदरलंड यांनीं बंगल्यांच्या वस्तींत शिरणाऱ्या भाड्याच्या मोठ्या इमारतीला जें विशेषण लाविलें आहे त्याला मराठींत बांडगूळ म्हणावें लागेल. हें वाचून आम्ही पुस्तक मिटलें आणि थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसलों. बासष्ट बिऱ्हाडांच्या बांडगुळांत आमचें बालपण गेलें होतें. त्याच न्यायालयानें नऊ वर्षें आधीं, १९१७ सालीं, माणसाच्या वर्णावरून वस्त्या वेगळ्या करणारे नियम रद्द ठरविले होते. कातडीचा रंग पाहून जें करावयाचें नाहीं तें जमिनीचें माप घालून करतां येतें, हें पुढें कोणी कोणाला शिकविण्याची गरज पडली नसावी. आमच्याकडे गांवकुसाबाहेर या एका शब्दांत जें बसतें, त्याला तिकडे नकाशा लागला, इतकाच फरक.

त्या वेळीं सर्वांच्या तोंडीं मिल्टन गांवाचें नांव होतें. हैतीची ती बाई रोज ज्या ट्राममधून येई ती ट्राम मिल्टनमधून जाते. हे डबे १९४५-४६ च्या सुमाराचे. इतके जुने कीं, त्यांना पाहून मुंबईच्या ट्रामा आठवतात. कायद्याखालच्या नियमांत जलद गाडी असलेल्या गांवांवर अधिक भार होता, आणि मिल्टन त्या वर्गांत पडलें, तें ह्या ट्राममुळें. गांवांतील विरोधकांचें म्हणणें असें कीं, ही म्हातारी ट्राम म्हणजे काय जलद गाडी? आपल्या दारची गाडी ही गाडीच नव्हे असें सिद्ध करण्यासाठीं लोक इतकी विद्वत्ता खर्च करतात हें आम्हीं प्रथमच पाहिलें. तेथील प्रतिनिधींच्या सभेनें २०२३ च्या डिसेंबरांत योजना मंजूर केली, आणि २०२४ च्या १४ फेब्रुवारीस गांवकऱ्यांनीं प्रत्यक्ष मतदानानें ती फेटाळली. राज्याच्या ॲटर्नी जनरल अँड्रिया कॅम्बेल यांनीं गांवावर दावा लावला. आम्ही परतल्यावर, २०२५ च्या जानेवारींत, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, कायदा वैध आहे व तो पाळावयास लावण्याचा अधिकार ॲटर्नी जनरलना आहे; मात्र त्याखालील मार्गदर्शक नियम रीतसर प्रसिद्ध झालेले नसल्यामुळें ते लागू नाहींत. सरकारनें त्याच महिन्यांत ते तातडीनें रीतसर काढले. याच्या उलट लेक्सिंग्टनची गोष्ट. १७७५ सालीं ज्या गांवीं स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी उडाली त्या गांवानें सर्वांआधीं, २०२३ च्या एप्रिलांत, कायद्याच्या मागणीहून अधिक, म्हणजे २२७ एकर, जमीन मोकळी केली. आणि अर्ज भराभर येऊं लागतांच २०२५ सालीं ती मर्यादा पुन्हां आखडती घेतली. औदार्याला हिशेब लागतो तो नंतर!

आतां घरांतील कथा. जांवई नकाराच्या बाजूचे होते. ते भले गृहस्थ आहेत, आणि त्यांचीं कारणें ऐकण्यासारखीं होतीं. शाळेंत मुलें वाढतील, वर्ग वाढवावे लागतील, त्याचा बोजा घरपट्टीवर पडेल. सांडपाण्याची व्यवस्था अपुरी आहे. आणि नवीं घरें झालीं तरी तीं स्वस्त असतील याची हमी काय? हें शेवटचें खरेंच होतें. स्टेशनाजवळचें नवें घर त्या हैतीच्या बाईला परवडेल असें आम्हांलाहि वाटत नव्हतें. मग ते म्हणाले, "शिवाय बाबा, गांवाचें स्वरूप बदलेल. आम्ही हें पाहूनच तर येथें आलों." जांवयांचें बालपण डोंबिवलीस दोन खोल्यांत गेलें. आम्हांला जोर चढला. आम्हीं चाळीपासून सुरुवात केली, १९१२ वर आलों, यूक्लिडचें बांडगूळ काढलें, आणि ज्या शिडीनें आपण वर चढलों ती मागून येणाऱ्यासाठीं ठेवावी कीं ओढून घ्यावी, असा प्रश्न टाकून मोठ्या समाधानानें चहाचा पेला उचलला.

आमच्या कुटुंबानें घेवडा निवडतां निवडतां, मान वर न करतां, विचारलें, "आपल्याकडे त्या वसतिगृहाचें पत्र तुम्हींच नव्हतें का लिहिलें?"

स्वयंपाकघरांत कोणी बोललें नाहीं. पत्र आम्हींच लिहिलें होतें. सन १९९८ सालीं आमच्या बंगल्याशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नोकरी करणाऱ्या मुलींसाठीं वसतिगृह बांधण्याची एका संस्थेची योजना होती. चाळीस मुलींची सोय. बसचा थांबा हाकेच्या अंतरावर म्हणून तर ती जागा त्यांनीं निवडली होती. आम्हीं दोन पानांचा अर्ज लिहिला. त्यांत पाण्याचा दाब, रात्रीं-अपरात्रींची वर्दळ आणि 'वसाहतीचें शांत व कौटुंबिक स्वरूप' हे शब्द होते. ते आम्हांला इतके आवडले होते कीं, दोनदां घातले होते. घरोघर जाऊन एकतीस सह्या आम्हीं स्वतः मिळविल्या. संस्थेनें नाद सोडला. त्यांतील एकाहि मुलीला आम्हीं पाहिलें नव्हतें. पाहिलें असतें तर बहुधा चहाला बोलावलें असतें. पुढें त्या प्लॉटवर एक टोलेजंग बंगला झाला. त्याचे मालक परदेशीं असतात, आणि वर्षाचे अकरा महिने तेथें एक रखवालदार आणि एक कुत्रा राहतो. स्वरूप शांत आहे.

जांवयांनीं आम्हांला त्यावरून एका शब्दानेंहि टोचलें नाहीं. मुलीनें मात्र रात्रीं भांडीं आवरतांना विचारलें, "बाबा, उद्यां तुम्हां दोघांना इकडे राहावें लागलें, तर राहाल कुठें? तुम्हांला मोटार चालवतां येत नाहीं. या घरांत तुम्ही दिवसभर कोंडून पडतां, तें मला दिसत नाहीं का?" या प्रश्नाला १९१२ किंवा १९२६ चा कांहीं उपयोग नव्हता.

गांवसभा शाळेच्या व्यायामशाळेंत भरली. मतदारांना रंगीत पत्रें दिलेलीं होतीं. आमच्यासारख्या बिनमताच्या लोकांना एका कोपऱ्यांत वेगळ्या खुर्च्या. वाद चार तास चालला आणि, आश्चर्य हें कीं, कोणी कोणाच्या अंगावर गेलें नाहीं. एका म्हाताऱ्यानें सांगितलें कीं, आपल्याला घर मोठें झालें आहे, तें विकून गांवांतच लहानशी जागा घ्यावयाची आहे, पण लहान जागा गांवांत नाहीं. आगीच्या बंबावर काम करणाऱ्या एका तरुणानें सांगितलें कीं, ज्या गांवाची आग आपण विझवितों तेथें आपल्याला बिऱ्हाड मिळत नाहीं. एक बाई उभी राहिली आणि गांवाच्या शांत स्वरूपावर बोलली, चांगलें बोलली. तिचीं वाक्यें ऐकतांना आमचे कान तापले, कारण तीं इंग्रजींत असलीं तरी आम्हांला पाठ होतीं. मत घेण्याची वेळ आली. मुलीनें होकारासाठीं पत्र वर केलें. जांवयांनीं नकारासाठीं केलें. ठराव एकोणीस मतांनीं मंजूर झाला. परत येतांना मोटारींत दोघांनींहि नातीच्या दुसऱ्या दिवशींच्या डब्याचीच चर्चा केली.

आम्ही निघालों तेव्हां स्टेशनासमोरचें डांबरी मैदान तसेंच होतें. हैतीच्या बाईला आम्हीं ठरावाची बातमी सांगितली. तिनें ती शांतपणें ऐकली, आणि म्हाताऱ्या गृहस्थांना त्या रात्रीं झोंप लागली नव्हती त्याविषयीं बोलूं लागली. २०२५ च्या आरंभीं त्या राज्याच्या सरकारनें पुढील दहा वर्षांत २,२२,००० नवीं घरें लागतील असा अंदाज प्रसिद्ध केला. त्यांतील पहिलें घर त्या मैदानावर केव्हां उठेल तें उठो.

पुण्यास येऊन आम्ही आपल्या चाफ्याखालीं पुन्हां बसूं लागलों. सन २०२२ पासून वनाझकडून मेट्रो धांवते. तिचें एक स्थानक आमच्या घरापासून आठ मिनिटांच्या चालीवर आहे, आणि अशा स्थानकांभोंवतीं अधिक उंच, अधिक दाट बांधावयास राज्य सरकारच्या नियमांनीं मुभा दिली आहे. शेजारच्या बंगल्याच्या मालकांनीं तो विकावयास काढला असून, तेथें अठ्ठावीस लहान बिऱ्हाडांची इमारत होणार असें ऐकतों. झाली तर आमच्या चाफ्यावरचें सकाळचें ऊन जाईल. हें आम्हीं अंगणांत काठी पुरून, सांवली मोजून पाहिलें आहे. वसाहतींतर्फे हरकतीचा एक अर्ज फिरत आहे. मसुदा नवा आहे, पण 'शांत व कौटुंबिक स्वरूप' हे शब्द त्यांत जसेच्या तसे आहेत. कोणीं तरी जुनी फाइल काढलेली दिसते. अर्ज आमच्या टेबलावर आहे. रविवारीं सकाळीं तो न्यावयास आमचे एक जुने स्नेही येणार आहेत. त्यांना काय सांगावें याची आम्ही दोन दिवस जुळवाजुळव करीत आहों, आणि ती नीट जमत नाहीं; कारण मागच्या वेळीं त्यांची मुळींच इच्छा नसतां, त्यांच्या घरीं तासभर ठाण मांडून बसून त्यांची सही घेतली होती ती आम्हींच.